एसेचा ड्राफ्ट झाला, आता तो कुणाला दाखवायचा आणि आलेल्या सूचनांचं करायचं काय

ऑक्टोबर लागला की माझ्या फोनवर ठरलेला मेसेज येतो, "मावशी, एक एसे पाठवलाय, जरा बघ ना कसा वाटतो", आणि खाली ६४९ शब्दांची फाईल. अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करणारी ही ओळखीपाळखीतली पोरं, गेली काही वर्षं मी त्यांचे एसे वाचतेय, आणि दर वेळी हेच दिसतं की लिहिताना पोरांनी जीव ओतलेला असतो पण दाखवायचं कसं, काय विचारायचं आणि पाच जणांनी पाच दिशांना ओढलं की कुणाचं ऐकायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी माझीच चूक सांगते. पहिल्या वर्षी एका मुलाचा एसे आला, तो शाळेच्या नाटकांना पडद्यामागे लाइट्स सांभाळायचा त्यावर होता, मुद्दा मस्त होता पण इंग्रजी जरा ओबडधोबड. मी उत्साहाच्या भरात बसले आणि दोन तासांत सगळा एसे गुळगुळीत करून दिला. त्याच्या आईने वाचला आणि म्हणाली, "छान झालाय गं, पण हा आमच्या पोराचा वाटत नाही, चाळिशीतल्या बाईने लिहिल्यासारखा वाटतोय." चाळिशीतली बाई म्हणजे अर्थात मीच! शेवटी जुनी व्हर्जन शोधून काढली आणि त्याने परत पहिल्यापासून काम केलं, त्यात त्याचा आठवडा गेला. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, मी जागा दाखवते, वाक्य देत नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं फिरून याच गोष्टीपाशी येतं, की कुठे गाडी अडखळतेय हे वाचणाऱ्याला विचारायचं आणि ती कशी चालवायची ते आपलं आपण ठरवायचं.

आकडे आधी

कॉमन ॲप म्हणजे एकाच अर्जाने अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट. तिचा मुख्य एसे म्हणजे पर्सनल स्टेटमेंट, त्याला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्द. सात विषय दिलेले असतात त्यातला एक घ्यायचा, आणि सातवा म्हणजे तुम्हाला हवा तो विषय, त्यामुळे 'माझा एसे कुठल्याच प्रश्नात बसत नाही' या चिंतेत वेळ घालवू नका. अर्ज दर वर्षी १ ऑगस्टला उघडतो. लवकरच्या फेरीच्या तारखा बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबरच्या असतात, नेहमीच्या फेरीच्या साधारण जानेवारीच्या सुरुवातीला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळा, तिथे एक मोठा एसे नसतो, आठ प्रश्नांतले चार निवडायचे आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द.

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे फीडबॅक द्यायला बसलेल्या माणसाला हे माहीत नसतं. तुमचे काका ऑफिसात रिपोर्ट लिहितात, ते म्हणणार 'अजून दोन उदाहरणं टाक', पण ६५० शब्दांत दोन उदाहरणं टाकायची म्हणजे एकाचाही जीव राहत नाही. म्हणून एसे पाठवताना प्रश्न काय आहे आणि मर्यादा किती आहे हे फाईलच्या सगळ्यात वर लिहून ठेवा.

वेळेचं गणित उलटं मांडा. १ नोव्हेंबर ही तारीख असेल तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पहिला पूर्ण ड्राफ्ट हातात पाहिजे, म्हणजे सहा आठवडे मिळतात. त्यातले दोन आठवडे लोकांच्या उत्तराची वाट बघण्यात जाणार हे धरूनच चाला. शिक्षकांकडे ऑक्टोबरमध्ये अख्ख्या वर्गाचे एसे आणि शिफारसपत्रं एकदम येऊन पडतात, त्यांना सप्टेंबरमध्ये दिलेला एसे ते नीट वाचतील, २८ ऑक्टोबरला दिलेल्यावर फक्त 'गुड जॉब' येईल, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

दाखवायच्या आधी स्वतः काय करायचं

लिहून झाल्या झाल्या कुणाला पाठवू नका, तीन-चार दिवस फाईल उघडूच नका. मग उघडा आणि मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नाही, खरंच आवाज काढून, दार लावून घ्या हवं तर. जिथे जीभ अडखळते किंवा श्वास संपतो किंवा स्वतःचीच लाज वाटते तिथे समासात एक फुली मारा आणि पुढे जा, तिथेच थांबून दुरुस्त करत बसू नका. वाचायचा कंटाळा असेल तर फोनला वाचून दाखवायला लावा, तो सपाट आवाजात वाचतो त्यामुळे 'आय' ने सुरू होणारी सलग सहा वाक्यं लगेच कानात टोचतात.

दुसरं काम जरा कष्टाचं आहे पण मला विचाराल तर सगळ्यात कामाचं. प्रत्येक परिच्छेदात काय घडतं ते एका साध्या वाक्यात वेगळ्या कागदावर लिहा, अगदी मराठीत लिहिलंत तरी चालेल. म्हणजे 'इथे मी पहिल्यांदा हरतो', 'इथे मला कळतं की मी ऐकतच नव्हतो', असं. मग फक्त ती पाच-सहा वाक्यं वाचा. दोन परिच्छेदांचं वाक्य एकच येत असेल तर त्यातला एक जास्तीचा आहे. एखाद्या परिच्छेदाचं वाक्यच लिहिता येत नसेल तर तिथे नुसती सजावट आहे. आणि सगळ्या वाक्यांत दुसऱ्याच कुणाबद्दल, म्हणजे आजोबांबद्दल किंवा कोचबद्दल लिहिलं असेल, तर कॉलेज त्या आजोबांना ॲडमिशन देईल, तुम्हाला नाही. हा प्रकार मी इतक्यांदा बघितलाय ना, एसे वाचून आजोबा डोळ्यासमोर लख्ख उभे राहतात आणि नातू कुठेच दिसत नाही.

तीन वाचक पुरे

दहा जणांना पाठवलंत तर दहा मतं येतील आणि एसेची पार भेळ होईल. तीन माणसं घ्या, पण तीन वेगळ्या प्रकारची.

एक जण असा जो तुम्हाला आतून ओळखतो, भाऊ, बहीण, जवळची मैत्रीण. त्याला इंग्रजी लेखनातलं काही कळलं नाही तरी चालेल, त्याचं काम फक्त 'हे तू आहेस का' एवढं सांगणं. दुसरी व्यक्ती लेखनातली, इंग्रजीचे शिक्षक किंवा शाळेतले कौन्सेलर, ज्यांनी असे बरेच एसे वाचलेत. आणि तिसरी व्यक्ती जी तुम्हाला जवळजवळ ओळखतच नाही, मैत्रिणीची मोठी बहीण, आईच्या ऑफिसातलं कुणीतरी. ही तिसरी व्यक्ती सगळे विसरतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण कॉलेजात बसून वाचणारी व्यक्तीही तुम्हाला ओळखत नाही. घरच्यांना जे सांगावं लागत नाही ते तिला सांगावं लागतं, तुमचं 'त्या वर्षी जे झालं ते' वगैरे तिला काय कळणार.

आईबाबांचं काय? हा नाजूक प्रश्न आहे. मी पोरांना सांगते की दाखवा, पण पहिल्या फेरीत नको. आईबाबांना वाटतं एसेमध्ये पोराची सगळी बक्षिसं आली पाहिजेत, आणि मग तो एसे बायोडेटासारखा होतो. बक्षिसांसाठी कॉमन ॲपमध्ये ऑनर्सचा वेगळा भाग आहे आणि बाकी उद्योगांसाठी ॲक्टिव्हिटीजचा, ॲक्टिव्हिटीजच्या दहा जागा आहेत आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, सगळं तिथे बसतं, हे त्यांना आधीच दाखवून टाका म्हणजे निम्मी भांडणं टळतात. त्यांना एसे द्याल तेव्हा काम नेमकं द्या, 'यातली एखादी घटना तुम्हाला वेगळी आठवते का' हे विचारा. त्यातून कधी कधी सोनं हाती लागतं, मुलाला वाटत असतं आपण सात वर्षांचे होतो आणि आई सांगते की अरे तू नऊ वर्षांचा होतास आणि रडला नव्हतास, उलट दोन दिवस बोललाच नव्हतास.

विचारायचं काय

'कसा वाटला?' हा प्रश्न बंद करा. त्याला 'छान' सोडून उत्तरच नाही, भिडस्त माणूस दुसरं काय बोलणार. मी पोरांना असा काहीसा मेसेज पाठवायला सांगते:

"ताई, हा माझ्या अर्जाचा एसे आहे, ६५० शब्दांची मर्यादा आहे, हा दुसरा ड्राफ्ट आहे. स्पेलिंग आणि ग्रामर आत्ता बघू नकोस, ते शेवटी करणार आहे. फक्त एवढं सांग. वाचताना लक्ष कुठे उडालं? कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं? वाचून झाल्यावर फाईल बंद करून तुला काय आठवतंय? आणि मी तुला कसा माणूस वाटलो ते तीन शब्दांत सांग. रविवारपर्यंत जमेल का? नाही जमलं तरी चालेल, तसं कळव."

यातला 'फाईल बंद करून काय आठवतंय' हा प्रश्न हुकमी आहे. तुम्हाला वाटत असतं की एसे तुमच्या नेतृत्वगुणांवर आहे आणि ताईला आठवतो फक्त तो तुटलेला स्पीकर. मग एसे त्या स्पीकरवर आहे, नेतृत्वाचा परिच्छेद उडवा. आणि तीन शब्दांचंही तसंच, तुम्हाला दिसायचंय 'जिद्दी' आणि तिघांनीही लिहिलं 'तक्रारखोर', तर शब्द बदलून भागणार नाही, प्रसंग सांगायची पद्धतच बदलावी लागेल.

फाईल द्यायची पद्धत पण नीट ठेवा. गूगल डॉक्सवर देणार असाल तर शेअर करताना 'कमेंटर' ठेवा, 'एडिटर' नको, म्हणजे कुणी थेट वाक्यं बदलून ठेवणार नाही (माझ्यासारखी उत्साही मंडळी सगळीकडे असतात). प्रत्येक वाचकाला वेगळी कॉपी द्या, नाहीतर दुसरा माणूस पहिल्याच्या कमेंट्स वाचून नुसती मान डोलावतो आणि तुम्हाला तीन मतं मिळायच्या ऐवजी एकच मत तीनदा मिळतं. फाईलला नाव देताना 'फायनल', 'फायनल फायनल', 'खरंच फायनल' असं करू नका, तारीख टाका. आणि जुना ड्राफ्ट कधीच डिलीट करू नका, पहिल्या ड्राफ्टमध्ये जो वेडेपणा असतो तो चौथ्यात हवाहवासा वाटतो, तेव्हा परत जायला रस्ता पाहिजे.

कमेंट्स आल्या, आता

पहिला दिवस काहीच करू नका. खरंच. कमेंट वाचली की पहिली प्रतिक्रिया असते 'याला काही कळलंच नाही', आणि दुसरी 'सगळं फाडून टाकतो', दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोन्ही एका झोपेनंतर उतरतात. उलट उत्तर देऊन समजावत तर अजिबात बसू नका, 'नाही, तिथे मला असं म्हणायचं होतं की...' असं तुम्ही म्हणालात ना की समजा, जे म्हणायचं होतं ते कागदावर आलेलंच नाही, तेच वाक्य लिहून ठेवा, बहुतेक तेच एसेमध्ये जायला हवं.

दुसऱ्या दिवशी एका कागदावर सगळ्या कमेंट्स उतरवा आणि प्रत्येकीचे दोन तुकडे करा, त्रास कुठे झाला आणि त्यांनी औषध काय सांगितलं. समजा सरांनी लिहिलं, 'सुरुवातीला एखादं प्रसिद्ध वाक्य टाक', ताईने लिहिलं 'पहिला परिच्छेद काढून टाक' आणि मैत्रिणीने लिहिलं 'सुरुवात थोडी लांबव, काही कळत नाही'. औषधं तीन, एकमेकांच्या विरुद्ध, वाचून डोकं फिरतं. पण दुखणं एकच आहे, तिघांनाही सुरुवातीत पाय ठेवायला जागा सापडलेली नाही. दुखण्याच्या बाबतीत वाचक सहसा बरोबर असतात, औषधाच्या बाबतीत ते अंदाज करत असतात. तुम्ही कदाचित चौथंच काहीतरी कराल, तिसऱ्या परिच्छेदातला प्रसंग उचलून वर आणाल, आणि तिघांचीही तक्रार मिटेल. (आणि ते प्रसिद्ध वाक्य टाकू नका, प्लीज. ६५० शब्दांतले वीस शब्द दुसऱ्याला कशाला द्यायचे.)

एकाच माणसाने काढलेली खोट असेल तर स्वतःला विचारा की मलाही तिथे आधीपासून खटकत होतं का, समासात फुली आहे का तिथे. असेल तर बदला, नसेल तर बिनधास्त सोडून द्या. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा बदलायचीच, कितीही आवडती असली तरी. आणि तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाने 'हे तू असं बोलत नाहीस' म्हटलं तर ते मत बाकी सगळ्यांच्या वर.

एक जागा जवळून बघू

एका मुलीने लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून केलेल्या कामावर लिहिलं होतं. एसे इंग्रजीत होता, मी इथे मराठीत सांगते, आणि तिची परवानगी घेऊन तपशील थोडे बदललेत. पहिल्या ड्राफ्टमध्ये मधला परिच्छेद असा होता:

"लायब्ररीत काम करताना मला जबाबदारी, संयम आणि बारकाईने काम करण्याचं महत्त्व समजलं. फाटलेली पुस्तकं दुरुस्त करताना मला जाणवलं की छोट्या गोष्टीही मोठा बदल घडवू शकतात."

चूक काहीच नाही, पण हे हजारो मुलांनी लिहिलेलं असू शकतं. मी तिला एवढंच लिहून पाठवलं, "इथे मला तू दिसत नाहीस. एक पुस्तक आठव. कुठलं फाटलं होतं, तू काय केलंस, हाताने नेमकं काय केलंस?" तिचं उत्तर आलं की तसं काही खास नाही मावशी, एकदा एका रहस्यकथेचं शेवटचं पान नव्हतं तेव्हा दुसऱ्या कॉपीवरून झेरॉक्स काढून चिकटवलं, पण ते कापताना तिरकं कापलं गेलं आणि एका ओळीतले दोन शब्द गेले, मग मी अंदाजाने पेन्सिलीने लिहिले. मी विचारलं, अंदाज बरोबर होता? थोड्या वेळाने मेसेज आला, "नाही ना! नंतर बघितलं तर एक शब्द चुकला होता आणि तोवर पुस्तक कुणीतरी घेऊन गेलं होतं."

आता ही खरी गोष्ट. पुढचे तीन आठवडे ती दर शनिवारी परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीत ते पुस्तक शोधत होती, एका शब्दासाठी. नवीन परिच्छेद साधारण असा झाला:

"मी 'माळी' लिहिलं होतं. मूळ पानावर 'माळीण' होतं. कुणीतरी अनोळखी माणूस माझ्यामुळे चुकीच्या खुन्यासोबत झोपी जाणार होता. तीन शनिवार मी ट्रॉली उपसली. चौथ्या शनिवारी पुस्तक आलं, आणि माझ्या 'माळी'पुढे कुणीतरी पेनने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं."

जबाबदारी, संयम, बारकाई यातला एकही शब्द नाही आणि तिन्ही दिसतात, वर पोरगी गमतीशीर आहे हेही कळतं. यातलं एकही वाक्य मी दिलेलं नाही, मी फक्त प्रश्न विचारले. तुमच्याकडे असं विचारणारं कुणी नसेल तर स्वतःच्या ड्राफ्टमधला प्रत्येक मोठा शब्द, म्हणजे पॅशन, लीडरशिप, पर्सिव्हिअरन्स वगैरे, हायलाइट करा आणि प्रत्येकापुढे 'कधी? कुठे? हाताने काय केलं?' लिहा. उत्तर आलं तर शब्द काढा आणि उत्तर ठेवा. उत्तरच आलं नाही तर शब्दही काढा.

तीन फेऱ्या, तीन वेगळी कामं

पहिल्या फेरीत फक्त सांगाडा. काय ठेवायचं, काय काढायचं, कशानंतर काय. इथे स्वल्पविराम दुरुस्त करणं म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देणं. सांगाडा बराच बदलत असेल तर जुन्या फाईलमध्ये खाडाखोड न करता नवीन कोरं पान उघडा आणि जुनं न बघता लिहा, जे खरंच महत्त्वाचं आहे ते आठवतंच.

दुसऱ्या फेरीत परिच्छेद आणि वाक्यं, आणि इथेच शब्द कमी करायचे असतात. ८०० चे ६५० करताना इकडून एक विशेषण तिकडून एक क्रियाविशेषण असं कापू नका, त्याने एसे धापा टाकायला लागतो. आधी अख्खा परिच्छेद किंवा अख्खा प्रसंग काढता येतो का बघा. बहुतेक ड्राफ्टचा पहिला परिच्छेद ही लिहिणाऱ्याने स्वतः गरम व्हायला केलेली जागेवरची धाव असते, आणि शेवटचा परिच्छेद म्हणजे आधीच कळलेल्या गोष्टीची पुन्हा उजळणी. दोन्हीवर बोट ठेवून झाकून वाचून बघा, एसे उभा राहत असेल तर गेले ते दोन्ही. ६५० भरलेच पाहिजेत असंही नाही, ५८० मध्ये झालं तर झालं.

तिसरी फेरी प्रूफरीडिंगची, ती नव्या डोळ्यांनी, म्हणजे ज्याने आजवर एसे वाचलेला नाही अशा माणसाकडून. या फेरीत कुणी 'विषयच बदल' म्हणालं तर हसून सोडून द्या. किती फेऱ्या करायच्या याचं उत्तर म्हणजे बदल केल्यावर एसे चांगला न होता नुसता वेगळा व्हायला लागला की थांबायचं. सोमवारी काढलेला शब्द बुधवारी परत टाकला असेल तर तुमचं काम झालंय.

मराठीतून विचार आणि एआयचं काय

आपल्यातली बरीच मुलं मनात मराठीत बोलतात आणि कागदावर इंग्रजीत गोठतात. अशा वेळी फोनचा रेकॉर्डर लावून तो प्रसंग मराठीत कुणाला तरी सांगितल्यासारखा सांगा, चार मिनिटं, मग ते ऐकून इंग्रजीत नव्याने लिहा. वाक्याला वाक्य भाषांतर करू नका, फक्त क्रम आणि तपशील उचला. इंग्रजी साधं असलं तर काही बिघडत नाही, सतरा वर्षांच्या मुलाने सतरा वर्षांचं इंग्रजी लिहावं. थिसॉरसमधून आणलेला शब्द वाक्यात उसन्या कोटासारखा दिसतो.

एआयबद्दल सरळ सांगते. कॉमन ॲपच्या नियमांत २०२३ पासून हे आलंय की एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं ही फसवणूक धरली जाते. प्रत्येक कॉलेजचे नियम वरून वेगळे असतात. उदाहरण म्हणजे कॅलटेक (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय की ग्रामर्लीसारख्या साधनाने व्याकरण तपासणं चालेल पण एआयकडून आराखडा किंवा ड्राफ्ट करून घेणं, आणि दुसऱ्या भाषेत लिहिलेला एसे त्याच्याकडून भाषांतर करून घेणं चालणार नाही. हा भाषांतराचा मुद्दा आपल्या पोरांनी दोनदा वाचावा. तुम्ही जिथे अर्ज करताय त्या प्रत्येक कॉलेजचं पान उघडून बघा, मैत्रिणीने सांगितलं यावर जाऊ नका. आणि नियम बाजूला ठेवले तरी, चॅटजीपीटीला 'हे सुधारून दे' म्हटलं की तो त्या पेन्सिलीने लिहिलेल्या 'माळी'ची 'बारकाईची शिकवण' करून देतो, म्हणजे तीन आठवडे खपून जे बाहेर काढलं ते परत आत.

पैसे घेऊन एसे बघणारे कन्सल्टंट असतात त्यांनाही तीच कसोटी लावा, ते प्रश्न विचारतात की वाक्यं देतात. वाक्यं देणाऱ्याला नमस्कार करा.

छोटे एसे

कॉलेजागणिक जे छोटे सप्लिमेंटल एसे असतात त्यांचा फीडबॅक वेगळ्या पद्धतीने घ्यायचा. 'आमचंच कॉलेज का' या एसेला एकच परीक्षा, कॉलेजचं नाव झाकून तिथे दुसऱ्या कॉलेजचं नाव टाका आणि वाचकाला द्या. तरीही एसे बरोबर वाटत असेल तर तो परत लिहा. कोर्सचं नेमकं नाव, एखादी लॅब, शिकवायची एखादी पद्धत आणि तिचा तुमच्या आत्तापर्यंतच्या कामाशी धागा, एवढं पाहिजे, 'सुंदर कॅम्पस' आणि 'जागतिक दर्जाचे प्राध्यापक' नको.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या चार प्रश्नांना सरळ उत्तर लागतं, तिथे नाट्यमय सुरुवात करत बसू नका, काय केलं, का केलं, काय झालं ते सांगा. ती चारही उत्तरं एकाच माणसाला एका बैठकीत वाचायला द्या आणि विचारा की कुठली गोष्ट दोनदा आली, कारण मुलं नकळत चारही उत्तरांत त्याच रोबोटिक्स क्लबवर लिहून मोकळी होतात.

सबमिट करताना

एसे फॉर्ममध्ये पेस्ट केल्यावर परत वाचा, कारण बऱ्याचदा परिच्छेदांमधली जागा उडते, इटालिक जातं, आणि वर्डची शब्दमोजणी आणि फॉर्मची मोजणी थोडी वेगळी येते, त्यामुळे ६५० वर टेकवून ठेवू नका, पाच-सात शब्दांची जागा सोडा. प्रिव्ह्यूची पीडीएफ उघडा आणि ती शेवटच्या वाक्यापासून उलटी वाचत वर जा, एकेक वाक्य, म्हणजे डोळा अर्थाच्या मागे न धावता अक्षरं बघतो. सगळ्या सप्लिमेंटमध्ये कॉलेजचं नाव सर्च करून बघा, एका कॉलेजच्या अर्जात दुसऱ्याचं नाव राहणं हा हशा पिकवणारा प्रकार नाही, दर वर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. आणि हे सगळं शेवटच्या दिवशी रात्री नाही, दोन दिवस आधी.

पाठवून झालं की त्या रात्री एसे उघडू नका, हमखास टायपो सापडेल. सापडलाच तर कॉलेजला माफीचा मेल वगैरे पाठवू नका, एका टायपोने काही होत नाही. कॉमन ॲपवर एका कॉलेजला अर्ज गेल्यानंतरही पुढच्या कॉलेजसाठी तोच एसे सुधारता येतो, तिथे दुरुस्त करा. आणि ज्या तिघांनी वाचला त्यांना शेवटची व्हर्जन पाठवून द्या, मला तर सगळ्यात जास्त उत्सुकता हीच असते की माझी कुठली सूचना पोराने धुडकावून लावली.